ब्राउझर ढीगभर, इंजिनं तीन: ओपन वेबचं पुढे काय?

क्रोम, एज, ब्रेव्ह, ऑपेरा, विवाल्डी, सॅमसंग इंटरनेट, ही यादी वाचली की वाटतं ब्राउझरच्या जगात चॉइसला काही तोटा नाही, जो आवडेल तो टाका आणि वापरा. पण ही सहाच्या सहा नावं आतून एकच आहेत. सगळ्यांच्या खाली क्रोमियम नावाचा प्रोजेक्ट आहे. तो ओपन सोर्स आहे हे खरं, कोड कोणीही घेऊ शकतं, पण त्यावर रोज काम करणारे बहुतेक इंजिनियर गूगलचे, आणि आत काय घ्यायचं काय नाही हे ठरवणारेही मुख्यतः तेच. म्हणजे वरची बटणं, रंग, साइडबार, जाहिराती अडवायची सोय हे ज्याचं त्याचं, पण पान उघडून दाखवणारा जो खरा भाग, ज्याला इंजिन म्हणतात, तो आयफोन सोडला तर सगळ्यांचा एकच, ब्लिंक. ब्लिंक सोडलं तर मोठ्या वापरात असलेली इंजिनं दोनच उरलीत, ॲपलचं वेबकिट ज्याच्यावर सफारी चालतो आणि मोझिला या ना-नफा संस्थेचं गेको ज्याच्यावर फायरफॉक्स चालतो. संपली यादी. आणि त्यातला फायरफॉक्स जगभरच्या वापरात ३ टक्क्यांच्या खाली घसरलाय, तर एकटा क्रोम ६५ टक्क्यांच्या पुढे आहे.

म्हणून ब्राउझरमधली स्पर्धा समजून घ्यायची तर नावं मोजून उपयोग नाही, इंजिनं मोजायला लागतात, आणि त्या इंजिनांना पैसा कुठून येतो ते बघायला लागतं. बाकी सगळं त्यातूनच उलगडत जातं.

आधी इंजिन करतं काय ते बघू. सर्व्हरकडून तुमच्याकडे येतो तो नुसता मजकूर. एचटीएमएल सांगतं की हे शीर्षक आहे, हा परिच्छेद आहे, हे बटण आहे. सीएसएस सांगतं ते दिसायचं कसं. जावास्क्रिप्ट सांगतं की बटण दाबल्यावर काय घडायचं. इंजिन हे सगळं वाचतं, प्रत्येक अक्षराची स्क्रीनवरची जागा काढतं, अरबी उजवीकडून डावीकडे लिहितं, जोडाक्षरं नीट जुळवतं, फोटो उलगडतं, व्हिडिओ चालवतं, आणि तुम्ही स्क्रोल केलं की सेकंदाला ६० वेळा परत नव्यानं रंगवतं. वर ज्या साइटवर भरवसा ठेवावा की नाही हेच माहीत नाही, तिचा कोड तुमच्या मशीनवर चालू द्यायचा, पण बाकीच्या फाइलींना हात लावू द्यायचा नाही, ही जबाबदारीही त्याचीच. क्रोमियमचा कोड कोटींच्या घरातल्या ओळींचा आहे. ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्याइतकंच अवघड काम, आणि ते कधी संपतही नाही, कारण वेबमध्ये दर महिन्याला काहीतरी नवीन येतच असतं.

हे किती अवघड आहे ते मायक्रोसॉफ्टकडे बघून कळतं. एवढी बलाढ्य कंपनी, स्वतःचं इंजिन होतं, पैशाला तोटा नाही, आणि तरी डिसेंबर २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलं की एज आता क्रोमियमवर जाणार, आणि जानेवारी २०२० मध्ये तो गेलाही. त्याच्या आधी २०१३ मध्ये ऑपेरानं स्वतःचं प्रेस्टो इंजिन सोडून दिलं होतं. दोघांचं दुखणं एकच होतं. इंजिन चांगलं असून भागत नव्हतं, साइट बनवणारे फक्त मोठ्या ब्राउझरमध्ये तपासून बघत होते, आणि लहान इंजिनात पान विस्कटलं की वापरणारा दोष साइटला देत नव्हता, ब्राउझरला देत होता.

आता यात ओपन वेबचा संबंध काय. १९८९ मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या भौतिकशास्त्राच्या संशोधन संस्थेत वेबची कल्पना मांडली आणि ३० एप्रिल १९९३ ला सर्ननं ते सगळं तंत्रज्ञान सर्वांसाठी खुलं करून टाकलं, रॉयल्टी नाही, लायसन्स नाही. त्यामुळे वेबवर काही टाकायला कोणाची परवानगी लागत नाही. ॲप स्टोअरमध्ये तुमचं ॲप आधी कोणीतरी तपासतं, नियमात बसत नाही म्हणून परत पाठवतं, आतमधल्या विक्रीवर ३० टक्क्यांपर्यंत कमिशन घेतं, आणि उद्या नियम बदलला तर तुम्ही बाहेर. वेबवर तुमच्याकडे एक पत्ता असला की झालं, लिंक कोणालाही पाठवा, कुठल्याही मशीनवर कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. सर्नचं ते सुरुवातीचं पान आजही त्याच्या जुन्या पत्त्यावर वाचता येतं. तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचं किती सॉफ्टवेअर आज असं सरळ उघडतं?

पण हे आपोआप टिकत नाही. 'कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते' हे खरं राहायला सगळ्या ब्राउझरनी एकच नियम एकाच पद्धतीनं पाळायला हवेत. ते नियम लिहायला संस्था आहेत, १९९४ मध्ये सुरू झालेली डब्ल्यूथ्रीसी, २००४ मध्ये ॲपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी मिळून काढलेली व्हॉटडब्ल्यूजी, जावास्क्रिप्टसाठी वेगळी समिती. आणि या सगळ्यांत एक जुना दंडक आहे जो मला वेबमधला सर्वात मोलाचा वाटतो: एखादी गोष्ट स्टँडर्ड म्हणवून घ्यायची असेल तर ती निदान दोन वेगळ्या टीमनी, एकमेकांचा कोड न उचलता, फक्त लिहिलेले नियम वाचून बनवून दाखवायची.

याचं एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो कारण ते फार कमी लोकांना माहीत असतं. २००९-१० च्या आसपास वेब एसक्यूएल नावाची एक सोय येत होती, साइटला ब्राउझरच्या आतच डेटाबेस वापरता यावा म्हणून. सफारीत होती, क्रोममध्ये होती, ऑपेरात होती, डेव्हलपर खूश होते. मोझिलानं नाही म्हटलं. कारण तिन्ही ब्राउझरनी खाली एकच तयार लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यानं लिहिलेला आयता कोड, बसवली होती, एसक्यूलाइट, आणि नियमात लिहिलं होतं त्याचा मथितार्थ एवढाच की एसक्यूलाइट जसं वागतं तसं वागा. मग उद्या एसक्यूलाइटमध्ये एखादी चूक सापडली तर ती चूक म्हणायची की नियम म्हणायचा? त्याची नवी आवृत्ती आली आणि वागणं बदललं तर वेबचा नियम बदलला का? दुसऱ्या कोणाला स्वतःचा डेटाबेस लिहून तिथे बसवायचा असेल तर त्यानं वाचायचं काय? उत्तरं नव्हती, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये डब्ल्यूथ्रीसीनं ते काम थांबवलं. त्याच्या जागी इंडेक्स्ड डीबी आली, वापरायला किचकट, लोक तिला आजही नावं ठेवतात, पण तिचे नियम कागदावर स्वतःच्या पायावर उभे आहेत. वेब एसक्यूएल क्रोममधून पुरतं निघायला मात्र २०२४ उजाडलं.

आता विचार करा, सगळं वेबच एका इंजिनावर आलं तर वेब एसक्यूएलची जी गत झाली ती सगळ्याच गोष्टींची होणार, ब्लिंक जसं वागतं तोच नियम, त्यातली चूक हाही नियम, आणि लिहिलेलं स्टँडर्ड नुसतं मागाहून केलेलं टिपण. नाही म्हणणारं कोणी उरलंच नाही तर थांबवणार कोण.

असं आधी एकदा होऊन गेलंय. १९९५ मध्ये इंटरनेट एक्सप्लोरर आला, विंडोजबरोबर फुकट मिळायला लागला, तोवर आघाडीवर असलेला नेटस्केप ब्राउझर बघता बघता मागे पडला, अमेरिकन सरकारनं १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला, पण तोवर बाजी हातातून गेली होती. दोन-चार वर्षांत एक्सप्लोरर ९० टक्क्यांच्या पुढे गेला आणि मग काम थंडावलं. सहावी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि सातवी थेट २००६ मध्ये! मधली पाच वर्षं वेब जवळजवळ जागच्या जागी. दक्षिण कोरियात तर बँकेचे व्यवहार मायक्रोसॉफ्टच्या ॲक्टिव्हएक्स तंत्रावर म्हणजे फक्त विंडोज आणि एक्सप्लोररवर बांधले गेले आणि त्या गाठी सोडवण्यात पुढचं दशक गेलं. कोंडी फुटली ती नेटस्केपनं १९९८ मध्ये उघडा केलेला कोड घेऊन मोझिलानं नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० काढला तेव्हा. मग २००८ मध्ये क्रोम आला, वेगवान, प्रत्येक टॅब वेगळ्या प्रोसेसमध्ये, अपडेट आपोआप. क्रोमनं वेब खरंच पुढे नेलं, ते श्रेय काढून घेण्यात काही अर्थ नाही. गंमत म्हणजे त्याचं इंजिनही वारशानंच आलेलं, लिनक्ससाठी डेस्कटॉप बनवणाऱ्या केडीई प्रोजेक्टच्या लोकांचं केएचटीएमएल, त्याच्यावरून ॲपलचं वेबकिट, आणि २०१३ मध्ये वेबकिटमधून फुटून निघालेलं गूगलचं ब्लिंक.

या सगळ्या इतिहासाचे वळ आजही प्रत्येक ब्राउझरच्या अंगावर आहेत. तुम्ही कुठलीही साइट उघडली की ब्राउझर आधी आपली ओळख सांगणारी एक ओळ पाठवतो, तिला यूजर एजंट म्हणतात. विंडोजवरच्या क्रोमची ओळ साधारण अशी असते: मोझिला ५.०, विंडोज एनटी १०.०, ॲपलवेबकिट ५३७.३६, केएचटीएमएल लाइक गेको, क्रोम अमुक आवृत्ती, सफारी ५३७.३६. एका ब्राउझरच्या ओळखीत पाच-सहा जणांची नावं! झालं असं की नव्वदच्या दशकात साइट नेटस्केपलाच, म्हणजे मोझिला असं नाव सांगणाऱ्यालाच, चांगलं पान पाठवायच्या, म्हणून एक्सप्लोररनंही स्वतःला मोझिला म्हणवून घ्यायला सुरुवात केली. पुढे गेकोला चांगलं पान मिळायला लागलं म्हणून केएचटीएमएलवाल्यांनी 'लाइक गेको' जोडलं, सफारीनं ते तसंच ठेवून स्वतःचं नाव टाकलं, क्रोमला सफारीची पानं हवी होती म्हणून त्यानं सफारीचं नाव ठेवलं, आणि एजनं त्या अख्ख्या ओळीच्या शेवटी आपलं नाव चिकटवलं. विवाल्डीनं तर २०१९ च्या शेवटी स्वतःचं नावच बहुतेक साइटना सांगणं बंद केलं, कारण नाव दिसलं की काही साइट आत घेत नव्हत्या, आणि नाव काढून क्रोम म्हणून गेलं की तीच साइट व्यवस्थित चालत होती.

मला यात सगळ्यात खटकतं ते हे, की लहान ब्राउझरला जगायचं तर मोठ्याचं नाव लावून फिरावं लागतं, आणि मग वापराच्या आकडेवारीतही तो मोठ्याच्याच खात्यात जमा होतो. आकडे बघून साइटवाले म्हणतात, बघा सगळे क्रोमच वापरतात, बाकीच्यात कशाला तपासायचं. मी स्वतः अनेकदा फॉर्म भरता भरता शेवटच्या पानावर 'कृपया क्रोम वापरा' अशी पाटी बघितलीय, आणि त्या फॉर्ममध्ये फायरफॉक्सला जमणार नाही असं काहीही नव्हतं, कोणी तपासलंच नव्हतं एवढंच.

बरं, एकाच्या हातात एवढं बळ आलं की काय होतं? ज्याच्या हाती ससा तो पारधी. क्रोमनं एखादी सोय आणली की साइट ती वापरायला लागतात, मग बाकीच्यांना पटो न पटो मागून यावंच लागतं. उलटही होतं, जेपेग एक्सएल नावाचा फोटोचा नवा फॉरमॅट होता, बऱ्याच कंपन्यांनी पाठिंबा दिलेला, २०२२ मध्ये क्रोमनं प्रयोगापुरता घातलेला सपोर्टही काढायचं ठरवलं आणि बाकी वेबसाठी तो विषय बराच काळ तिथेच थांबला, सफारीनं २०२३ मध्ये घेऊनही. थर्ड पार्टी कुकीज, म्हणजे एका साइटवरून दुसऱ्या साइटवर तुमचा माग काढणाऱ्या, सफारीनं २०२० मध्ये पूर्ण अडवल्या. क्रोमनंही जानेवारी २०२० मध्ये सांगितलं होतं की दोन वर्षांत काढू, मग तारीख पुढे, परत पुढे, आणि जुलै २०२४ मध्ये तो बेतच रद्द. यात ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाचाही दबाव होता, आणि जाहिरात कंपन्यांची तक्रार अशी की कुकीज गेल्या तर माहिती एकट्या गूगलकडेच उरेल. ती तक्रार चुकीची नव्हती. पण मूळ गुंता बघा ना, जगातला सर्वात मोठा ब्राउझर आणि जगातला सर्वात मोठा जाहिरातींचा धंदा एकाच छपराखाली आहेत, त्यामुळे क्रोमनं काहीही केलं तरी कोणाच्या तरी मनात शंका येणारच, आणि ती वाजवी असणार.

तरी दबाव चालतो हेही दिसलंय. २०२३ मध्ये गूगलच्या काही इंजिनियरनी वेब एन्व्हायर्नमेंट इंटेग्रिटी नावाचा प्रस्ताव आणला, त्यात साइटला विचारता आलं असतं की समोरचा ब्राउझर आणि मशीन 'अस्सल' आहे का, आणि ते प्रमाणपत्र देणारा तिसराच कोणीतरी. म्हणजे नवं इंजिन लिहिणाऱ्याला उद्या आधी कोणाकडून तरी शिक्का आणावा लागला असता. मोझिलानं विरोध केला, ब्रेव्ह आणि विवाल्डीनं केला, सामान्य डेव्हलपरनी रान उठवलं, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रस्ताव मागे घेतला गेला. माझ्या मते गेल्या दहा वर्षांत ओपन वेबवर आलेलं हे सर्वात मोठं संकट होतं आणि ते टळलं याचं कारण नाही म्हणणारे अजून शिल्लक होते.

आता ॲपलची बाजू. आयफोनवर वर्षानुवर्षं नियम असा की कुठलाही ब्राउझर असो, आत वेबकिटच वापरायचं. म्हणजे आयफोनवरचा क्रोम म्हणजे क्रोमच्या कपड्यातलं सफारीचंच इंजिन, फायरफॉक्सचंही तेच. ॲपल म्हणतं हे सुरक्षेसाठी. टीका करणारे म्हणतात की वेब ॲप फार चांगली चालली तर ॲप स्टोअरचं कमिशन कोण देईल. वेबवरून नोटिफिकेशन पाठवायची सोय क्रोममध्ये २०१५ मध्ये आली, आयफोनवर ती यायला मार्च २०२३ लागला, आणि तीही साइट होम स्क्रीनवर ठेवली तरच. युरोपचा डिजिटल मार्केट्स ॲक्ट मार्च २०२४ मध्ये लागू झाला तेव्हा ॲपलला तिथे दुसऱ्या इंजिनांना वाट द्यावी लागली. पण त्याच सुमारास त्यांनी युरोपात होम स्क्रीनवरची वेब ॲप बंदच करायचं ठरवलं, इतका ओरडा झाला की दोन-तीन आठवड्यांत निर्णय फिरवला. आणि दुसऱ्या इंजिनाची मुभा तेव्हा फक्त युरोपातल्या फोनसाठी, म्हणजे मोझिलासारख्यांनी एकाच ब्राउझरची दोन वेगळी ॲप सांभाळायची, एक युरोपसाठी एक उरलेल्या जगासाठी. मोझिलानं तेव्हाच उघडपणे नाराजी सांगितली होती. जपाननंही असाच कायदा केला आणि तो १८ डिसेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला, त्यामुळे हळूहळू जगभर एकच नियम ठेवणं ॲपलला सोयीचं पडेल अशी आशा ठेवायला जागा आहे.

इथे एक अडचणीचा मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. आयफोनवरची सक्ती उठली तर तिथेही क्रोमच पसरेल आणि वेबकिटही आटेल, मग ब्लिंकला अडवणारं उरणार कोण, असं बरेच जाणकार म्हणतात. भीती खरी आहे. पण सक्तीनं टिकवलेलं इंजिन सुधारायची घाई कोणाला नसते, हेही सफारीनं दाखवून दिलंय. युरोपचा कायदा येणार म्हटल्यावर वेबकिटवरचं काम किती वाढलं ते डेव्हलपरना आठवत असेल. मला सक्ती उठवणं पटतं, पण त्याबरोबर फोनमध्ये आयता बसून येणाऱ्या ब्राउझरचा फायदाही कमी करायला हवा, कुठला ब्राउझर हवा ते आधीच विचारणारी निवडीची स्क्रीन वगैरे, नुसतं एक केलं तर आगीतून फुफाट्यात.

आणि आता पैसा. ब्राउझर फुकट मिळतो मग हजारो इंजिनियरचा पगार कोण देतं? सर्च देतं. ॲड्रेस बारमध्ये काही टाइप केलं की ते कुठल्या सर्च इंजिनकडे जाईल ही जागा विकली जाते. गूगलवरच्या अमेरिकेतल्या खटल्यात हे आकडे उघड झाले, २०२१ मध्ये गूगलनं अशा डीफॉल्ट जागांसाठी सगळ्यांना मिळून २६.३ अब्ज डॉलर दिले, आणि २०२२ मध्ये एकट्या ॲपलला सुमारे २० अब्ज. मोझिलाचं तर बहुतांश उत्पन्नच गूगलकडून येतं. म्हणजे तीन इंजिनांपैकी एक गूगलचं स्वतःचं, दुसऱ्याच्या मालकाला गूगल अब्जावधी देतं, आणि तिसरं जवळपास गूगलच्या पैशावर जगतं. स्पर्धा म्हणायची ती ही.

५ ऑगस्ट २०२४ ला न्यायाधीश अमित मेहता यांनी निकाल दिला की गूगलनं सर्चमधली मक्तेदारी बेकायदा टिकवली. सरकारनं मागणी केली की क्रोम विकायला लावा. तेव्हा खरं इकडे आड तिकडे विहीर असं झालं, कारण डीफॉल्टचे पैसे बंद केले तर फायरफॉक्सचा गाशा गुंडाळायची वेळ येईल, हे मोझिलाच्याच अधिकाऱ्यानं कोर्टात सांगितलं. मक्तेदारी मोडायच्या उपायानं पहिला बळी जायचा तो पर्यायाचाच. शेवटी २ सप्टेंबर २०२५ च्या आदेशात क्रोम गूगलकडेच राहिला, एक्सक्लुझिव्ह करारांना बंदी आली, काही सर्च डेटा स्पर्धकांना द्यायला सांगितलं, पण पैसे द्यायला परवानगी राहिली. मला हा निकाल मवाळ वाटतो. क्रोम विकूनही प्रश्न सुटला नसता हे मान्य, कारण घेणारा ते इंजिन सांभाळायला एवढा खर्च कशातून करणार, तोही कुठूनतरी वसूल करणारच. पण इंजिन ही सगळ्यांची सामाईक गरज आहे आणि तिचा खर्च सर्चच्या जाहिरातींतूनच निघतो, या मूळ दुखण्याला कोर्टानं हात लावलेला नाही, आणि कदाचित ते कोर्टाचं कामही नाही.

त्यात भर म्हणजे एआय. इतके दिवस वेबचा एक न लिहिलेला करार होता, साइटनी सर्च इंजिनला आपली पानं वाचू द्यायची आणि त्यांनी बदल्यात वाचक पाठवायचे. मे २०२४ मध्ये गूगलनं अमेरिकेत सर्चच्या वरच एआयनं तयार केलेलं उत्तर द्यायला सुरुवात केली, चॅटबॉट तर थेट उत्तर देतातच, म्हणजे पान वाचलं जातं, वापरलं जातं, पण वाचक येत नाही. पानं वाचू नका असं सांगायची सोय म्हणजे रोबोट्स डॉट टीएक्सटी नावाची फाइल, १९९४ पासूनची, आणि तिचं सगळं बळ समोरच्याच्या सभ्यतेवर. बॉटनं, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रॅमनं, ऐकलं तर ऐकलं. जुलै २०२५ मध्ये क्लाउडफ्लेअर या बऱ्याच साइटची वाहतूक सांभाळणाऱ्या कंपनीनं नव्या साइटसाठी एआय बॉट आपणहून अडवायला सुरुवात केली आणि वाचायचे पैसे घ्यायची पद्धतही काढली. साइट चालवणाऱ्यांची बाजू मला पूर्ण कळते, त्यांचं पोट त्यावर आहे. पण दारं बंद व्हायला लागली की ती फक्त मोठ्यांसाठी बंद होत नाहीत, उद्या कोणी लहानसं सर्च इंजिन काढलं किंवा जुनी पानं जपून ठेवणारा संग्रह चालवला तर तोही बाहेरच राहणार, आणि ज्यांच्याकडे करार करायला पैसा आहे ते आत जाणार.

ब्राउझरमध्येही तेच वारं आहे. पर्प्लेक्सिटी या एआय सर्च कंपनीचा कॉमेट ब्राउझर जुलै २०२५ मध्ये आला, ओपनएआयचा ॲटलस ऑक्टोबर २०२५ मध्ये, दोन्ही तुमच्या वतीनं साइटवर जाऊन क्लिक करतात, फॉर्म भरतात, आणि दोन्ही आतून क्रोमियमच. नवी स्पर्धा आली पण इंजिनाच्या वरच्या मजल्यावर आली. शिवाय एक नवाच धोका. ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रेव्हच्या लोकांनी दाखवलं की एखाद्या कॉमेंटमध्ये लपवून मजकूर ठेवला आणि तुम्ही कॉमेटला त्या पानाचा सारांश काढायला सांगितलं, तर तो तो लपवलेला मजकूर तुमचाच आदेश समजून वागतो, त्यांच्या प्रात्यक्षिकात त्यानं वापरणाऱ्याचा ईमेल आणि मेलमध्ये आलेला ओटीपी उचलून बाहेर दिला. ब्राउझरनी पंचवीस वर्षं खपून एका साइटला दुसऱ्या साइटच्या आत डोकावू न देणारी भिंत बांधली, आणि हा मदतनीस तुमची लॉगिन हातात घेऊन त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना फिरतो. हे नीट सुटल्याशिवाय बँकेचं किंवा मेलचं लॉगिन असलेल्या ब्राउझरमध्ये मी तरी असा एजंट चालू करणार नाही, आणि तुम्हालाही तेच सांगेन.

चांगल्या बाजूला काय आहे? आहे, थोडं आहे पण भक्कम आहे. सर्वो नावाचं इंजिन मोझिलानं २०१२ मध्ये रस्ट या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत सुरू केलं होतं, २०२० मधल्या नोकरकपातीत ती टीमच गेली, पण प्रोजेक्ट लिनक्स फाउंडेशनकडे गेला आणि २०२३ पासून इगालिया कंपनीचे लोक त्यावर परत जोमानं काम करतायत. लेडीबर्ड तर दुसऱ्या कुठल्याही ब्राउझर इंजिनाचा कोड न घेता पहिल्यापासून लिहिलं जातंय. आंद्रेयास क्लिंग यांनी छंद म्हणून केलेल्या ऑपरेटिंग सिस्टिममधून ते निघालं, २०२४ मध्ये त्यासाठी ना-नफा संस्था झाली, आणि त्यांनी ठरवून टाकलंय की डीफॉल्ट सर्चचे सौदे करायचे नाहीत, फक्त देणग्या आणि स्पॉन्सरशिप. दोन्ही रोजच्या वापरासाठी अजून तयार नाहीत. पण ती नुसती लिहिली जातायत याचाच फायदा आहे, कारण नियम वाचून नव्यानं इंजिन लिहिणाऱ्याला कुठे नियम अपुरा आहे ते लगेच टोचतं, आणि अशा चुका त्या लोकांनी स्टँडर्डवाल्यांना कळवून दुरुस्त करून घेतल्यात. दुसरीकडे ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट, मोझिला हे एरवी कोर्टात भांडणारे लोक इंटरॉप नावाच्या उपक्रमात दर वर्षी एकत्र बसून ठरवतात की या वर्षी कुठल्या गोष्टी सगळ्या इंजिनांत सारख्या चालल्या पाहिजेत, आणि निकाल सगळ्यांना बघता येतो.

आपल्या हातात काय, तर साइट बनवत असाल तर काम संपायच्या आधी फायरफॉक्स आणि सफारीत एकदा उघडून बघा, यूजर एजंट वाचून कोणाला दारातून परत पाठवू नका, ब्राउझरचं नाव विचारण्यापेक्षा हवी ती सोय त्यात आहे का ते विचारा, जावास्क्रिप्टमध्ये ते दोन ओळींचं काम आहे. नुसते वापरणारे असाल आणि एखादी साइट फायरफॉक्समध्ये मोडली, तर गुपचूप क्रोम उघडून मोकळे होऊ नका, मेनूमध्ये मोडलेली साइट कळवायची सोय आहे, तिथे पत्ता जातो. मोझिलाचे लोक त्या तक्रारी वाचतात, साइटवाल्यांशी संपर्क करतात, आणि तोवर ती साइट चालावी म्हणून फायरफॉक्समध्ये तिच्यापुरती तात्पुरती दुरुस्तीही घालतात. फायरफॉक्सच्या ॲड्रेस बारमध्ये 'अबाउट कॉम्पॅट' (about:compat) टाकलं की अशा दुरुस्त्यांची यादीच समोर येते, साइटच्या नावासकट, आणि प्रत्येकीपुढे ती बंद करायचं बटण.